वीज गेल्यानंतरचं पाणी

वीज गेली की इंडक्शन भट्टी बंद पडते, पण थंड होत नाही. आतलं एक टन लोखंड तेव्हाही १४५० ते १५०० अंश सेल्सिअसला रसरसलेलं असतं. त्याच्याभोवती सिलिकाच्या रॅमिंग मासचं तीन-चार इंच जाडीचं लायनिंग, आणि लायनिंगला लागून तांब्याची कॉइल. ही कॉइल म्हणजे पोकळ नळीचे वेढे. नळीतून पाणी फिरत असतं म्हणून ती टिकते. पंप थांबला की हे पाणी जागच्या जागी उभं राहतं. लायनिंगमधली उष्णता मात्र येतच राहते. पाणी कोमट होतं, मग उकळतं, वाफ होऊन वेढ्यात अडकते आणि तांबं कोरडं पडतं. आधी इन्सुलेशन करपतं, मग जोड सुटतात. त्यात लायनिंगला एखादी भेग असेल तर वितळलेला धातू आणि पाणी एकमेकांना भेटतात. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १७०० पट जागा लागते, आणि धातूच्या खाली सापडलेल्या पाण्याला ती जागा मिळत नाही. फाउंड्रीतल्या स्फोटांचं हे एक जुनं कारण आहे.

त्यामुळे भट्टीची कूलिंग सिस्टिम बसवताना खरा प्रश्न ‘पाणी कसं फिरवायचं’ हा नसतो. तो कोणताही पंप सोडवतो. वीज नसताना पाणी कुठून येणार, कोणत्या वाटेनं येणार आणि किती वेळ पुरणार, हे आधी ठरवावं लागतं. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या शेडमध्ये एक टनाची, ७५० किलोवॉटची नवी भट्टी येते आहे असं धरू आणि पहिल्या पाइपापासून पहिल्या हीटपर्यंत, म्हणजे धातूच्या पहिल्या घाण्यापर्यंत जाऊ.

आधी कागदावर

कॉइल पोकळ का, हे आधी पाहू. भट्टीतला प्रवाह घरच्यासारखा ५० हर्ट्‌झचा नसतो, या आकाराला तो बहुधा ५०० ते १००० हर्ट्‌झचा असतो. इतक्या वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच वाहतो. १००० हर्ट्‌झला ही खोली जेमतेम दोन मिलिमीटर भरते. आतलं तांबं तसंही बिनकामाचं, म्हणून ते काढून तिथे पाण्याला वाट दिलेली असते.

भट्टीला दिलेल्या विजेचा साधारण पाचवा हिस्सा कॉइलच्या पाण्यात उतरतो. थोडी उष्णता तांब्याच्या स्वतःच्या तापण्याची, थोडी लायनिंगमधून झिरपणारी. ७५० किलोवॉटवर हे १५० किलोवॉट झाले. पाणी आत येताना आणि बाहेर पडताना दहा अंशांचा फरक चालेल असं धरलं, तर १५० भागिले (४.१९ गुणिले १०) म्हणजे सेकंदाला साडेतीन लिटरच्या थोडं वर, मिनिटाला सुमारे २१५ लिटर. पंप निवडताना हा आकडा हातात पाहिजे. ‘पलीकडच्या शेडमध्ये पाच एचपीचा आहे, आपणही तोच टाकू’ असं ठरवणारे कमी नाहीत. पाच एचपी म्हणजे किती पाणी आणि किती प्रेशर, हे मात्र त्यांना विचारायचं नाही.

पॅनलची उष्णता वेगळी. तिथले थायरिस्टर आणि कपॅसिटर थोडंच तापतात, पण त्यांना पाणी निवडक लागतं. तिथलं पाणी थेट विजेच्या भागांमधून फिरतं, म्हणून ते वीज न वाहणारं, क्षार काढून टाकलेलं डीएम पाणी हवं. वाहकतेची मर्यादा पॅनल बनवणारा लिहून देतो. बोअरचं पाणी या कामाला घेताच येत नाही. शिवाय बोअरच्या पाण्यातला क्षार गरम तांब्यावर बसतो. पाण्याच्या बंबात आतून जो पांढरा थर धरतो तोच इथे अर्ध्या-पाऊण इंचाच्या नळीत धरतो, आणि एकदा धरला की त्या वेढ्याचं पाणी कमी होत जातं.

म्हणून मांडणी दुहेरी करायची. आतल्या बंद फेऱ्यात डीएम पाणी: टाकी, पंप, कॉइल आणि पॅनल, मग परत टाकी. बाहेरच्या फेऱ्यात साधं पाणी: कूलिंग टॉवर आणि त्याचा पंप. दोघांच्या मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर, ज्याला सगळे पीएचई म्हणतात. उष्णता प्लेटमधून पलीकडे जाते, पाण्याला पाणी लागत नाही. कॉइल आणि पॅनल मिळून १८० किलोवॉट धरले, तर पूर्ण भारावर टॉवरमधून तासाला पावणेतीनशे लिटरच्या आसपास पाणी वाफेनं उडून जाईल. मागे उरलेलं पाणी दाट होत जातं, म्हणून थोडं पाणी मुद्दाम सोडूनही द्यावं लागतं. टॉवरच्या तळात मेक-अपची लाइन द्यायला विसरू नये.

बॅकअपची वाट

आता मुख्य गोष्ट. वीज गेली की पॅनलमध्ये प्रवाह थांबतो, म्हणजे पॅनलची उष्णताही थांबते. त्याला बॅकअपचं पाणी लागत नाही. लागतं ते फक्त कॉइलला. आणि कॉइललाही पूर्ण २१५ लिटर नको, कारण तांबं स्वतः तापणं थांबलेलं असतं, येते ती फक्त लायनिंगमधून झिरपणारी उष्णता. भरलेल्या भट्टीसाठी ती हिशेबापुरती ४० किलोवॉट धरू. पाणी तीस अंशांनी तापू दिलं तर मिनिटाला २० लिटर पुरतात. थोडी शिल्लक ठेवून २५ म्हणू.

हे २५ लिटर देण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एक, जनरेटर सुरू होऊन तोच पंप पुन्हा फिरतो. दुसरी, पंपाला थेट जोडलेलं डिझेल इंजिन. तिसरी, उंचावरची टाकी. तिन्ही असाव्यात, पण भरवसा कशावर किती ठेवायचा याचा क्रम मनात पक्का हवा. जनरेटरला सुरू व्हायला काही सेकंद लागतात, शिवाय त्याचं पॅनल, त्याचा चेंजओव्हर, पंपाचा स्टार्टर आणि मोटर हे सगळं शाबूत असावं लागतं. पंपाची मोटर जळल्यामुळेच पाणी थांबलं असेल तर जनरेटरचा उपयोग शून्य. डिझेल इंजिनाला मोटर लागत नाही, बॅटरी लागते. टाकीला फक्त उंची लागते.

इंजिनाचा पंप मुख्य पंपाच्या शेजारी, त्याच डीएम टाकीतून पाणी घेणारा ठेवावा. टॉवर बंद असल्यामुळे पाणी गार होणार नाही हे खरं. पण ३००० लिटरच्या टाकीत ४० किलोवॉट उष्णता गेली तर पाणी तासाला साडेअकरा अंशांनी तापतं. पस्तीसवर सुरुवात केली तर दोन तासांत अठ्ठावन्न, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण तोवर लायनिंगची उष्णताही उतरणीला लागलेली असते. दोन तास हा मोठा अवधी आहे. तेवढ्यात धातू ओतून भट्टी रिकामी करता येते. कोल्हापूरला यात वेगळं काही सांगायला नको, शेताच्या पाण्याची ऑइल इंजिनं बनवतच हे गाव यंत्रांच्या धंद्यात उतरलं.

टाकीच्या पाइपात मात्र खरी कारागिरी आहे. टाकी कॉइलच्या डोक्यापासून आठ मीटर वर असली की ०.८ किलो प्रेशर मिळतं. तिचा पाइप कॉइलच्या सप्लाय हेडरला जोडायचा आणि मध्ये एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा झडपेचा व्हॉल्व्ह. पंप चालू असताना हेडरमध्ये तीन किलो प्रेशर असतं, ते झडप दाबून धरतं. पंप थांबला, प्रेशर ०.८ च्या खाली आलं की टाकीचं पाणी झडप ढकलून आपोआप आत येतं. यात ना वायर, ना रिले, ना माणूस. काही जण इथे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवतात. बसवायचाच तर वीज गेल्यावर उघडणारा, नॉर्मली ओपन जातीचा हवा. दुकानात सहज मिळतो तो दुसरा, वीज मिळाल्यावर उघडणारा. तो बसला तर नेमक्या गरजेच्या वेळी दार बंद. माझं मत असं की इथे सोलेनॉइड नकोच.

दोन गोष्टी नकाशात हमखास सुटतात. पहिली: मुख्य पंपाच्या आणि इंजिनाच्या पंपाच्या डिलिव्हरीलाही एनआरव्ही लागतो. तो नसेल तर टाकीतून आलेलं पाणी अरुंद कॉइलमध्ये शिरण्याऐवजी थांबलेल्या पंपातून उलटं वाहून सरळ खालच्या टाकीत जातं. वरची टाकी रिकामी होताना दिसते, सगळे निर्धास्त राहतात, आणि कॉइलमध्ये थेंब गेलेला नसतो.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. ०.८ किलो प्रेशर वरकरणी कमी वाटतं, पण पूर्ण उघड्या वाटेनं त्यावरही मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी जाऊ शकतं. ५००० लिटरची टाकी पाऊण तासात संपेल. म्हणून टाकीच्या उतरत्या पाइपात ठरावीक भोकाची चकती बसवून प्रवाह पंचवीस लिटरवर आणायचा. मग तीच टाकी तीन तासांहून जास्त पुरते. चकतीच्या जागी साधा व्हॉल्व्ह अर्धवट फिरवून ठेवू नये. कुणीतरी कधीतरी तो पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद करतो.

आत आलेल्या पाण्याला बाहेर जायलाही वाट हवी. रिटर्नचा पाइप आधी कॉइलच्या वर चढवून मग डीएम टाकीकडे खाली आणावा आणि त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी उघडी नळी ठेवावी. मग काहीही झालं तरी कॉइल आपोआप रिकामी होत नाही. डीएम टाकी भरली की जादा पाणी ओव्हरफ्लोनं गटारात. वरच्या टाकीतही डीएम पाणीच भरलं तर आतला फेरा बिघडत नाही. एमआयडीसीच्या पाण्याची एक लाइन मात्र हाताच्या व्हॉल्व्हवर बंद ठेवून वरच्या टाकीला जोडून ठेवावी. शेवटची वेळ आली तर तीही उघडायची. डीएम पाणी पुन्हा करता येईल.

जोडणी

डीएमच्या फेऱ्यात जीआय पाइप नको, गंज आणि जस्त पाण्यात उतरून वाहकता वाढते. स्टेनलेस स्टील किंवा दर्जेदार प्लॅस्टिक वापरावं. कॉइलजवळचे नटबोल्ट, क्लिपा, पट्ट्या लोखंडी असल्या तर कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात त्या स्वतःच तापतात, म्हणून तिथे बिनचुंबकी स्टेनलेस किंवा पितळ. कॉइलपर्यंतचे रबरी होज कार्बन नसलेल्या रबराचे हवेत. बाजारातला साधा काळा होज वीज वाहतो, आणि मग आत पाणी कितीही शुद्ध असो, प्रवाह रबरातूनच गळतो. होजची लांबीही कापून ‘नीटनेटकी’ करू नये. पाण्याच्या त्या लांब स्तंभामुळेच कॉइलचा विजेचा दाब पाइपलाइनपर्यंत पोचत नाही.

कॉइलच्या पाण्याच्या वाटा एकाहून जास्त असतात. प्रत्येकीच्या रिटर्नला स्वतंत्र फ्लो स्विच आणि तापमानाचा स्विच बसवावा. सप्लायच्या बाजूचं प्रेशर गेज पाहून कुणी समाधान मानू नये. एखादी वाट पूर्ण तुंबली तरी ते गेज तीन किलोच दाखवेल, उलट थोडं जास्तच.

पाइप जोडून झाले की हायड्रो टेस्ट, कामाच्या प्रेशरच्या दीडपट. मग फ्लशिंग. इथे घाई नडते. कॉइल आणि पॅनल या वेळी फेऱ्यात नको, दोघांच्या जागी होज टाकून बायपास करायचा आणि साधं पाणी काही तास जोरात फिरवायचं. गाळणी दर थोड्या वेळानं काढून पाहावी. वेल्डिंगचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे, फडक्याचे धागे, एखादी वॉशर असं काय काय निघतं. लागोपाठ गाळणी स्वच्छ निघाली की हे पाणी सोडून द्यायचं, डीएम पाण्यानं एकदा धुवायचं आणि मगच कॉइल-पॅनल जोडायचं.

सुरुवात

पंप आधी क्षणभरच चालू करून बंद करायचा, फिरण्याची दिशा पाहायला. तीन फेजच्या दोन वायरी उलट लागल्या तर सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरूनही थोडं पाणी देतो, आणि तेच फसवं असतं. दिशा बरोबर असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून सुरू करायचा, हळूहळू उघडायचा आणि मोटरचे अँपिअर तिच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहायचे.

मग हवा काढणं. प्रत्येक उंच जागेचा एअर व्हेंट उघडा, बुडबुडे थांबून सलग धार लागेपर्यंत. कॉइलच्या वरच्या वेढ्यात अडकलेली हवा म्हणजे तो वेढा कोरडाच. रिटर्न उघड्या फनेलमध्ये पडत असतील तर हे डोळ्यांना दिसतं: एखादी धार तुटक पडत असेल तर तिथे अजून हवा आहे. जुने मेल्टर जाता-येता या धारांखाली बोटं धरतात, ‘तीन नंबर गरम येतंय बघा’ म्हणतात. मीटर असले तरी ही सवय मोडू नये.

इंटरलॉक एकेक करून तपासायचे. एका वाटेचा व्हॉल्व्ह सावकाश बंद करत जा, फ्लो स्विचनं पॅनल ट्रिप व्हायलाच हवं. मग दुसरी, मग तिसरी. तापमानाचा सेन्सर काढून गरम पाण्याच्या मगात बुडवा आणि ठरलेल्या अंशाला ट्रिप होतं का पाहा. वायर जोडली आहे म्हणजे इंटरलॉक चालतो, असं धरून चालायचं नाही.

आता ती चाचणी, जिच्याशिवाय भट्टीत भंगाराचा एक तुकडाही पडू देऊ नये. भट्टी थंड आणि रिकामी असताना शेडचा मुख्य ब्रेकर पाडायचा. पंपाचा स्टार्टर बंद करून भागत नाही, मुख्य ब्रेकरच, कारण खऱ्या वेळी दिवे, कंट्रोल, पंखे सगळंच जातं. पहिल्या फेरीत सगळं चालू द्या: जनरेटर येतो का, पंप आपोआप फिरतो का, की कुणाला तरी बटण दाबावं लागतं. दुसऱ्या फेरीत जनरेटर मुद्दाम बंद ठेवा: प्रेशर पडल्यावर इंजिन स्वतः सुरू होतं का, आणि नाही झालं तर हँडल कुठे आहे हे किती जणांना माहीत आहे. तिसऱ्या फेरीत इंजिनाची बॅटरीही काढून ठेवा. आता शेडमध्ये शांतता असेल आणि फक्त टाकीचं पाणी असेल. रिटर्नच्या धारांखाली वीस लिटरची बादली आळीपाळीनं धरा आणि घड्याळ लावा. सगळ्या धारा मिळून मिनिटाला पंचवीस लिटरच्या आसपास आलं तर चकती बरोबर. सगळ्या वाटांतून धार येते का तेही पाहा, कारण कमी प्रेशरवर एखादी वाट रुसते.

याच वेळी भट्टी तिरकी करण्याचं हायड्रॉलिक वीज नसताना कसं चालणार तेही पाहून घ्यावं. हातपंप असेल तर तो एकदा मारून बघावा. भट्टीसमोरच्या खड्ड्यात पाणी साचलेलं नसावं. आणीबाणीत धातू तिथेच ओतायचा असतो.

पहिली हीट आणि नंतर

नव्या लायनिंगचं सिंटरिंग, म्हणजे ते भाजून घट्ट करणं, सावकाश, तासाला शंभरेक अंशांच्या गतीनं होतं. त्या वेळी लायनिंगमधला ओलावा बाहेर पडतो आणि अर्थ लीकेजचा काटा वर चढतो. कॉइल गळते असं समजून घाबरायचं कारण नाही, पण काटा नंतर खाली येतो की नाही यावर लक्ष हवं. ओलावा गेल्यावरही तो वरच राहिला तर भट्टी थांबवून शोध घ्यायचा. पूर्ण भारावर पोचल्यावर प्रत्येक वाटेचं आत-बाहेरचं तापमान, प्रवाह, प्रेशर आणि पाण्याची वाहकता लिहून ठेवायची. सहा महिन्यांनी एखाद्या वाटेचा फरक दहाचा चौदा झालेला दिसला तर त्या वाटेत क्षार धरतोय हे या पानावरून कळतं, नुसत्या आठवणीवरून नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्याची एक वेगळी खोड आहे. जुलैच्या रात्री हवा ओलीचिंब असते आणि टॉवरचं पाणी चांगलंच गार होतं. असं गार पाणी पॅनलमध्ये गेलं की बसबारवर दव धरतं आणि सकाळी पहिल्या हीटला पॅनल उडतं. पाणी गार म्हणजे चांगलं, हा समज इथे चालत नाही. आतल्या फेऱ्याचं पाणी शेडच्या हवेपेक्षा थोडं कोमट राहील असा टॉवरच्या पंख्याला थर्मोस्टॅट लावावा. भट्टी बंद असताना, लायनिंग निवल्यानंतर, पॅनलचं पाणीही बंद ठेवावं. तोवर, म्हणजे लायनिंग खरोखर निवेपर्यंत, कॉइलचं पाणी चालूच ठेवायचं. धातू ओतून झाला तरी लायनिंग तासन्‌तास तापलेलं असतं, आणि शिफ्ट संपल्यावर पंप बंद करून घरी जाण्याची घाई तेव्हाच होते.

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी इंजिन दहा मिनिटं भारावर चालवायचं. न चालणाऱ्या इंजिनाचा दोष बहुतेक वेळा बॅटरीत निघतो, म्हणून तिचा चार्जर आणि पाणी त्याच दिवशी बघायचं. वरच्या टाकीची पातळी खालून दिसेल अशी पारदर्शक नळी बसवावी, वर चढून कुणी बघत नाही. एनआरव्हीची झडप महिनोन्‌महिने एकाच जागी दाबलेली राहून चिकटते. तिसरी चाचणी, नुसत्या टाकीची, म्हणूनच दर महिन्याला, लायनिंग पूर्ण निवलेलं असताना पुन्हा करायची, आणि बादलीचा आकडा त्याच वहीत, पहिल्या दिवसाच्या आकड्याखाली लिहायचा.